कन्सल्टंट नेमताय? आधी भाषा विचारू नका, काम सांगा

बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांचं मशीन शॉप नुकतंच हातात घेतलेल्या एका मुलाचा मागच्या दिवाळीच्या आधी फोन आला.

“काका, व्हीबी सिक्सचा माणूस कुठं गावतोय काय बघा की. दोन महिने झाले शोधतोय. पुण्यात एक सापडलाय, पण तो सांगतोय त्या पैशात मशीनचे दोन हप्ते जातील.”

“व्हीबी कशाला पाहिजे रे तुला?”

“आमचं बिलाचं सॉफ्टवेअर व्हीबीत केलेलं आहे. बाबांच्या वेळचं. त्यातनं ई-इनव्हॉइस निघत नाही आणि सीए मागं लागलेत.”

व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी सिक्स, प्रोग्राम लिहायची एक भाषा) बाजारात आलं १९९८ साली. त्यात प्रोग्राम लिहायच्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच काढून घेतला. त्यात आजही रोज काम करणारा माणूस शोधला तर मिळतो, पण भाव तो सांगेल तोच. या मुलाने दोन महिने त्या शोधात घालवले, आणि त्याची खरी अडचण वेगळीच होती. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली होती. १ ऑगस्ट २०२३ पासून अशा धंद्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. त्यासाठी बिलातली माहिती एका ठरावीक साच्यात, जेसन नावाच्या फाइलमधून पोर्टलला द्यायची आणि तिकडून आलेला नंबर व क्यूआर कोड बिलावर छापायचा. याचं जुनं सॉफ्टवेअर बिलं एका अ‍ॅक्सेस (माहिती साठवायचं सॉफ्टवेअर) फाइलमध्ये साठवत होतं. कुणीतरी ती फाइल वाचून साचा भरून दिला की झालं. व्हीबीच्या एकाही ओळीला हात लावायचं कारण नव्हतं.

त्या माणसाला जे यायला हवं होतं ते निराळं. कर्नाटकचा राज्य कोड २९, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. बिल कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या पार्टीच्या नावावर आणि माल मात्र तिच्या सांगण्यावरून थेट हुबळीला गेला, तर माल कर्नाटकातून बाहेर न पडताही कर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी, लागतो. आपल्या भागात अशी बिलं आठवड्यातून दोनदा निघतात. हे ज्याला पहिल्या भेटीत समजतं, त्याची प्रोग्रामिंगची भाषा कुठलीही चालली असती.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात पहिल्यांदाच बाहेरचा तांत्रिक सल्लागार नेमणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. छोटा कारखाना असेल, पतसंस्था असेल, दूध संस्था असेल. सल्लागार म्हणजे पगारावर नसलेला, ठरलेल्या कामासाठी येणारा आणि काम संपलं की जाणारा माणूस. त्याला “तीच” भाषा, “तेच” सॉफ्टवेअर, “तेच” मशीन यायला हवं का, हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो. काही कामांत ते आलंच पाहिजे, काही कामांत त्याने काडीचा फरक पडत नाही. आपलं काम कुठल्या बाजूला पडतं हे ओळखण्यासाठी खालच्या पायऱ्या आहेत.

पायरी १ : अडचण एका पानावर, मराठीत लिहा

“डॉट नेट डेव्हलपर हवा आहे” असं वाक्य लिहून शोधाला लागू नका. कागद घ्या आणि लिहा: आज काम कसं चालतं, कोण करतं, कुठं अडतं, अडल्यामुळे काय नुकसान होतं, आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं. एका कारखानदाराने लिहिलेलं पान मला फार आवडलं होतं. ते साधारण असं होतं:

“शिनोळीला जॉबवर्कला माल जातो. चलन हातानं लिहितो. ई-वे बिल सुपरवायझर त्याच्या मोबाइलवरून काढतो. तो रजेवर असला की टेम्पो गेटवर उभा. गेल्या महिन्यात तीनदा झालं. चलन लिहिलं की त्यावरूनच ई-वे बिल निघावं. माल किती गेला, किती परत आला, किती तिकडे राहिला हे एका पानावर दिसावं. महिनाभर टेम्पो एकदाही थांबला नाही की काम झालं समजू.”

यात एकाही सॉफ्टवेअरचं नाव नाही, आणि तरी सल्लागाराला हवं ते सगळं आहे. आपण शिनोळीला बेळगावचीच वाडी असल्यासारखं जातो-येतो, पण ती चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. एरवी ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सरकारी पोर्टलवरून काढायचा कागद, लागतं. जॉबवर्कसाठी, म्हणजे बाहेरून प्रक्रिया करून घेण्यासाठी, माल दुसऱ्या राज्यात पाठवला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल काढावंच लागतं. हे माहीत नसलेला हुशार प्रोग्रामर सगळीकडे ५० हजारांची अट टाकून मोकळा होईल आणि १२ हजारांचं कास्टिंग (ओतीव भाग) घेऊन निघालेला टेम्पो नाक्यावर अडकेल. त्याच्या भाषेच्या अनुभवाचा इथे काही उपयोग नाही.

पान मराठीत लिहायला सांगतो त्याला कारण आहे. इंग्रजीत लिहायला बसलं की मोठमोठे शब्द येतात आणि गेटवर उभा असलेला टेम्पो हरवतो. लिहून झालं की ते पान स्टोअरकीपरला आणि सुपरवायझरला वाचून दाखवा. “मालक, तसं नाही ते” असं एकदा तरी म्हणतीलच. ती दुरुस्ती लाखमोलाची असते. आणि एक ओळ जरूर घाला: पडद्यावरची भाषा कुठली हवी. आपल्याकडे एकाच शिफ्टमध्ये मराठी वाचणारा आणि कन्नड वाचणारा ऑपरेटर शेजारी शेजारी उभे असतात.

पायरी २ : काम कुठल्या प्रकारचं आहे ते ठरवा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे सावकाश जातो.

चालू असलेली गोष्ट बंद पडली असेल, तर नेमका अनुभवच हवा. तीच भाषा, तीच आवृत्ती, शक्य तर तसंच सॉफ्टवेअर आधी दुरुस्त केलेला माणूस. हिशेबापुरतं धरा: दिवसाला ८ हजार घेणारा माहितगार दोन दिवसांत दोष काढतो, १६ हजार झाले. दिवसाला ४ हजार घेणारा शिकत शिकत आठ दिवस घेतो, ३२ हजार झाले, आणि त्या आठ दिवसांत तुमचं डिस्पॅच बंद. घाईच्या आणि छोट्या कामात शिकण्याचा वेळ तुमच्या खिशातून जातो.

मशीनच्या बाबतीत तर याहून काटेकोर राहा. सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर चालणाऱ्या मशीनचा, एकच दाखला देतो. फानुक कंपनीचा कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) असलेल्या लेथवर जी ७१ हा हुकूम म्हणजे रफिंगची सायकल, मटेरियल काढायला सुरुवात. सीमेन्सच्या साइनुमेरिक कंट्रोलला तेच जी ७१ दिलं तर तो त्याचा अर्थ “मापं मिलिमीटरमध्ये घे” असा लावतो. अक्षर तेच, आकडा तोच, अर्थ दोन. “मला जी कोड येतो” एवढ्यावर माणूस मशीनपाशी उभा करू नका. “कुठला कंट्रोल, कुठली सिरीज, त्यावर शेवटचं काम कधी केलं” हे विचारा.

पीएलसीचंही (यंत्रं आपोआप चालवणारा छोटा संगणक) तसंच. लॅडर, म्हणजे पीएलसीचा आकृतीत काढलेला प्रोग्राम, कसा वाचायचा हे एका कंपनीच्या पीएलसीवर शिकलं की दुसरीकडे उपयोगी पडतं, त्यासाठी १९९३ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पण प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, केबल वेगळी, लायसन्स वेगळं. कल्पना येऊनही हातात केबल नसेल तर तुमचा सँड मिक्सर दिवसभर उभाच. आणि इथे चूक झाली तर नुसती फाइल बिघडत नाही, सिलिंडर अवेळी पुढे येतो आणि माणसाचा हात सापडतो. सुरक्षेच्या सर्किटला हात लागणार असेल तर त्याच मेकवर काम केलेला माणूस आणा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

विषय निघालाच आहे तर: फानुकची मेमरीची बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची. बंद करून काढली तर पॅरामीटर, म्हणजे मशीनची सेटिंग्ज, उडतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर मशीन उठत नाही म्हणून धावपळ करणाऱ्या किती जणांची गोष्ट शेवटी त्या संपलेल्या बॅटरीशी येऊन थांबते! असल्या वेळी सल्लागाराच्या बॅगेत काय आहे त्यापेक्षा तुमच्याकडे पॅरामीटरचा बॅकअप आहे की नाही याला महत्त्व.

आता दुसरं टोक. नवीन काम कोऱ्या पाटीवर सुरू होतंय आणि ते चार-सहा महिने चालणार आहे. इथे भाषेचा नेमका अनुभव मी जवळजवळ शेवटी विचारतो. सी शार्पवाल्याला जावाकडे यायला जेवढा वेळ लागतो तेवढा कोल्हापूरकराला बेळगावची मराठी कानावर बसायला लागतो, दोन-चार आठवडे धरा. उलट वेबसाइट करणाऱ्याने एकदम पीएलसी लिहायचा म्हणजे पुण्याच्या माणसाने कन्नड शिकायचं. येतं, आपल्यातल्या कितीजणांना येतंच, पण आठवड्यात येत नाही. तेव्हा “हीच भाषा येते का” यापेक्षा “येते त्या भाषेपासून ही किती लांब आहे” हे विचारणं जास्त कामाचं. सहा महिन्यांच्या कामात तीन आठवड्यांचं शिकणं पचतं. तुमचा धंदा समजून घ्यायलाच त्याला त्याहून जास्त लागणार आहे.

एक सावधगिरी. काही ठिकाणी भाषा सोपी आणि तिच्यावर उभं केलेलं सॉफ्टवेअर अवघड असतं. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर पायथन भाषेत लिहिलेलं आहे, म्हणून पायथन येणाऱ्याला ते आलंच असं धरू नका. त्यात बदल कुठे करायचा आणि कुठे अजिबात करायचा नाही याची रीत आहे. ती न पाळता मूळ कोडलाच हात घातला की पुढचं अपडेट घेताना सगळं अडकून बसतं. टॅलीत स्वतःचे रिपोर्ट करायचे तर टॅलीची स्वतःची भाषा आहे, ती बाहेर कुठेच वापरात नाही. अशा जागी भाषेचा अनुभव दुय्यम, त्या सॉफ्टवेअरचा अनुभव मुख्य.

तिसरा प्रकार जुना डेटा नवीन जागी नेण्याचा. पतसंस्था आणि दूध संस्थांना हा हमखास भेटतो. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये वीस-पंचवीस वर्षांची खाती आणि सभासदांची नावं जुन्या मराठी फाँटमध्ये. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, आधार २०१५ मध्ये संपला. पण फॉक्सप्रोच्या फाइली आजही कुठल्याही भाषेतून वाचता येतात, त्यात काही अवघड नाही. अवघड आहे ते नावांत.

“बिर्जे” हे आडनाव घ्या. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली: आधी पहिली वेलांटी, मग ब, मग ज, मात्रा आणि सगळ्यात शेवटी डोक्यावरचा रफार. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, उच्चाराचा क्रम: ब, वेलांटी, अर्धा र, ज, मात्रा. म्हणजे रूपांतर करताना वेलांटी उचलून मागे आणि रफार उचलून पुढे आणावा लागतो. त्यात “येळ्ळूर” या गावाच्या नावातला जोड-ळ, “शेतकऱ्यांचे” मधला ऱ्या, ज्याचा र युनिकोडमध्ये वेगळंच अक्षर आहे. एका संस्थेत रूपांतर झाल्यावर यादी समोर आली तर अर्धे ऱ्या रफार झालेले होते. काम करणारा माणूस फॉक्सप्रोत मुरलेला होता. फक्त त्याला मराठी वाचता येत नव्हतं. संस्थेच्या क्लार्क बाईंनी शाळेच्या पोरांच्या वह्या तपासाव्यात तशी लाल पेनाने सगळी यादी तपासली, सोळा दिवस लागले. अशा कामाला मी मराठी लिहिता-वाचता येणारा, फॉक्सप्रो कधीही न पाहिलेला माणूस आधी घेईन.

चौथा प्रकार नुसत्या सल्ल्याचा: कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, घ्यावं की नाही. तिथे भाषेचा प्रश्नच नाही. एकच विचारा, “ज्याची शिफारस करताय त्यांच्याकडून तुम्हाला कमिशन मिळतं का?” सरळ उत्तर आलं तर पुढे बोला.

पायरी ३ : वर्षं मोजत बसू नका

“दहा वर्षांचा फ्लटरचा अनुभव हवा” अशी मागणी मी पाहिली आहे. फ्लटर म्हणजे मोबाइल अॅप करायचं साधन. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. प्रामाणिक माणूस अशी मागणी वाचून अर्जच करणार नाही, आणि येईल तो कोण असेल याचा विचार तुम्हीच करा.

माणूस काम कसं करेल याचा अंदाज कशावरून बांधता येतो, यावर बरंच संशोधन झालं आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि पुढचं काम यांचा संबंध ०.५४ निघाला, आणि अनुभवाची वर्षं व पुढचं काम यांचा अवघा ०.१८. पूर्ण संबंध असला तर हा आकडा १ येतो. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे हिशेब पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही आकडे खाली आले, वर्षं मात्र तळालाच राहिली. तेव्हा बायोडेटातला वर्षांचा रकाना बघा आणि पुढे चला.

पायरी ४ : पहिली भेट शॉप फ्लोअरवर

हॉटेलात किंवा व्हिडिओ कॉलवर पहिली भेट ठेवू नका. माणसाला कारखान्यात बोलवा, चहा द्या आणि आधी अर्धा तास फिरवून आणा. तो काय विचारतो तिकडे लक्ष ठेवा.

हे मी एका चुकीतून शिकलो. एका फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यासाठी, आम्ही एक चांगला प्रोग्रामर आणला. भाषा आम्हाला हवी तीच, कोड देखणा. त्याने महिनाभरात रिजेक्शनची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर उभं केलं. त्यात एका डिस्पॅचला एक हीट नंबर अशी मांडणी होती. फाउंड्रीत काम केलेल्याला यातली गफलत लगेच दिसेल. हीट म्हणजे भट्टीचा एक वितळ. एका हीटमधून बरेच बॉक्स भरले जातात, त्यातलं काही कास्टिंग आज फेटलिंग (घासून साफ करणं) होऊन जातं, काही परवा, काही महिनाभर यार्डात पडून राहतं. एका गाडीत पाच हीटचा माल, आणि एका हीटचा माल चार गाड्यांत. महिन्याने गिऱ्हाइकाकडे मशिनिंगला ब्लो होल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) निघाला की त्या कास्टिंगवरचा नंबर बघून त्या हीटचा बाकीचा माल कुठे कुठे गेला ते शोधावं लागतं. तेवढ्याचसाठी हे सॉफ्टवेअर हवं होतं, आणि नेमकं तेच त्यात बसत नव्हतं. सगळा पाया उकरावा लागला. तो मुलगा पोअरिंग चालू असताना एकदाही भट्टीपाशी उभा राहिला नव्हता, कारण आम्हीच त्याला एसी केबिनमध्ये बसवून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी बघतो: माणूस “हा नंबर कास्टिंगवर कोण टाकतं, आणि टाकायचा राहिला तर?” असं विचारतो का. रजिस्टर उघडून बघतो का. ऑपरेटरशी बोलतो का, की फक्त मालकाशीच.

मग हे प्रश्न विचारा. “आमच्यासारख्या एका कामात तुम्ही काय केलं ते पहिल्या दिवसापासून सांगा.” खरं काम केलेला माणूस तपशिलात शिरतो, कुणी अडवलं, काय मोडलं, शनिवारी रात्री काय झालं. “या कामातलं तुम्हाला काय येत नाही?” हा माझा आवडता. “सगळं येतं” असं उत्तर आलं तर मी थांबतो. “ई-वे बिलाचं पोर्टल मी जोडलेलं नाही, दोन दिवस वाचावं लागेल, त्याचे पैसे लावणार नाही” असं म्हणणारा माणूस मिळाला तर सोडू नका. आणि “हे काम तुमच्या नेहमीच्या भाषेपेक्षा दुसऱ्या कशात बरं झालं असतं का?” याच्या उत्तरावरून त्याची नजर किती लांब जाते ते कळतं.

तुम्हाला तांत्रिक बोलणं कळत नसेल तर घाबरू नका. त्याला सांगा, “आमच्या सुपरवायझरला समजेल असं सांगा.” ज्याला विषय कळलेला असतो तो मराठीत, कन्नडमध्ये, नाहीतर मोडक्या हिंदीत का होईना, खडू घेऊन फरशीवर काढून दाखवतो.

पायरी ५ : पैसे देऊन छोटं काम करून घ्या

पूर्ण काम देण्याआधी दोन ते पाच दिवसांचा एक तुकडा द्या, आणि त्याचे पूर्ण पैसे द्या. फुकट नमुना मागू नका. चांगला माणूस फुकट करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

तुकडा खऱ्या कामातला, सगळ्यात किचकट कोपऱ्यातला निवडा. सभासद यादी न्यायची असेल तर सोपी शंभर नावं देऊ नका, येळ्ळूरची आणि रफारवाली शंभर नावं द्या. बिलाचं काम असेल तर बिल एकाला आणि माल दुसऱ्याकडे अशी दहा बिलं द्या. दोन माणसांत ठरत नसेल तर दोघांनाही तोच तुकडा द्या. थोडा खर्च वाढतो, पण “याला ती भाषा दहा वर्षं येते आणि त्याला सहा महिने” हा वाद तिथेच मिटतो.

पायरी ६ : आधीच्या दोन गिऱ्हाइकांना फोन

“काम चांगलं केलं का” असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारा, “तो गेल्यावर आता ते कोण सांभाळतं?” आणि “रात्री फोन उचलायचा का?” एवढं पुरतं. आपला भाग छोटा आहे, दोन फोनमध्ये खरं काय ते कळतं.

पायरी ७ : शिकण्याचे पैसे कुणाचे, हे आधीच ठरवा

नेमका अनुभव नसलेला, पण बाकी सगळ्यात चांगला माणूस घ्यायचं ठरलं तर संकोच न करता बोला. “ही भाषा तुम्हाला नवीन आहे, तिच्यासाठी लागणारे पहिले दहा दिवस तुमचे, आमच्या धंद्याची माहिती घ्यायला लागणारे दिवस आमचे.” ही वाटणी मला न्याय्य वाटते. भाषा तो पुढेही दुसरीकडे वापरेल. तुमची हीट आणि तुमचं चलन मात्र फक्त तुमच्याच उपयोगाचं.

पैसे टप्प्यांनी द्या, आणि टप्पा पहिल्या पायरीतल्या पानावरून ठरवा. “५० टक्के काम झालं” हा टप्पा कुणालाच मोजता येत नाही. “शिनोळीचं चलन आणि ई-वे बिल एकत्र निघालं” हा मोजता येतो. टीडीएस कुठल्या दराने कापायचा ते पहिलं बिल येण्याआधी सीएना विचारून घ्या, नंतर त्यावरून रुसवेफुगवे होतात.

पायरी ८ : कागद करा

पगारी नोकराने नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क वेगळं काही ठरलं नसेल तर मालकाकडे जातो. सल्लागार हा नोकर नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्याने लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक तोच राहतो, तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी. हक्क तुमच्याकडे यायचा तर तसं लेखी आणि त्याच्या सहीनिशी हवं. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वकिलाकडून दोन पानं करून घ्या, पण ही दोन वाक्यं त्यात आहेत का ते स्वतः वाचा.

कागदापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे वस्तू हातात घेणं. सोर्स कोड दर टप्प्याला तुमच्या खात्यात. डोमेन आणि क्लाउडचं खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर. पीएलसीचा प्रोग्राम कॉमेंटसकट पेन ड्राइव्हवर, आणि पासवर्ड लावला असेल तर तो पाकिटात घालून तिजोरीत. पासवर्ड लावून गेलेल्या माणसाचा फोन लागेनासा झाला आणि मालकाने अख्खं पॅनेल नव्याने करून घेतलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पायरी ९ : पुढचा माणूस कोण?

भाषेचा प्रश्न सगळ्यात शेवटी इथे परत येतो, आणि या जागी तो खरंच महत्त्वाचा आहे. नवीन काम कुठल्या भाषेत करायचं हे सल्लागाराच्या हौसेवर सोडू नका. तो गेल्यावर बेळगावात, फार तर हुबळी किंवा कोल्हापुरात, ते सांभाळणारा मिळायला हवा. पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, बेंगळुरू पाचशेच्या. रोजच्या अडचणीला तिथून माणूस येत नाही. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय आपल्याकडे मच्छ्याला आहे, भोवती इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तिथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना जावा, पायथन, डॉट नेट यांतलं काहीतरी आलेलं असतं. यांतलं एखादं निवडलं तर तुमचं काम पुढे नेणारा माणूस घराजवळ मिळेल. कुणी नव्या, नावही न ऐकलेल्या भाषेचा आग्रह धरला तर विचारा, “तुम्ही नसताना याला हात लावणारे आपल्या भागात तीनजण दाखवा.”

तो दिवाळीच्या आधी फोन करणारा मुलगा शेवटी खानापूरहून येणाऱ्या एका मुलीकडे गेला. तिने व्हीबी सिक्स आयुष्यात उघडलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती लॅपटॉप न काढता दोन तास बिलांची फाइल चाळत बसली आणि गोकुळ शिरगावच्या पार्टीची, हुबळीला माल गेलेली तीन बिलं बाजूला काढून म्हणाली, “दादा, यात तुम्ही कर चुकीचा लावलाय. आधी सीएंशी बोलून घ्या, मग मी प्रोग्राम लिहिते.” पायथनमधला तिचा छोटा प्रोग्राम अ‍ॅक्सेसची फाइल वाचतो आणि जेसन तयार करतो. वडिलांच्या वेळचं ते व्हीबीचं खिडक्यांचं सॉफ्टवेअर त्याच टेबलावर, त्याच कॉम्प्युटरवर अजून चालू आहे, आणि बिलं अजून त्याचे वडीलच टाइप करतात.